‘स्पायडर-मॅन २’ पुन्हा बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, कुठला ‘स्पायडर-मॅन २’? आता इतके स्पायडर-मॅन झालेत की गोंधळ होतो.

सॅम रायमी यांनी दिग्दर्शित केलेला, ३० जून २००४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला. टोबी मॅग्वायर हा पीटर पार्कर, कर्स्टन डन्स्ट ही त्याचं प्रेम असलेली मेरी जेन, जेम्स फ्रँको हा हॅरी ऑसबॉर्न, रोझमेरी हॅरिस या मे काकू आणि आल्फ्रेड मोलिना हा डॉक्टर ऑक्टोपस. अँड्र्यू गारफिल्डचे दोन चित्रपट आणि टॉम हॉलंडचे चित्रपट हे नंतरचे, त्यांचा पीटर वेगळा. या पानावर जे काही आहे ते २००४ च्या चित्रपटाबद्दल.

पहिला भाग न बघता हा बघितला तर चालेल का?

चालेल. सुरुवातीची नामावली नीट बघा, घाईने पुढे ढकलू नका. २००२ च्या पहिल्या भागातली सगळी महत्त्वाची वळणं तिथे चित्रांमधून सांगितली आहेत: कोळ्याचा चावा, बेन काकांचा मृत्यू, उलटं लटकून घेतलेलं चुंबन, हॅरीचे वडील आणि त्या भागातला खलनायक नॉर्मन ऑसबॉर्नचा शेवट. ही चित्रं अ‍ॅलेक्स रॉस या नामवंत कॉमिक चित्रकाराची आहेत आणि त्यांवर डॅनी एल्फमनचं संगीत वाजतं. तीनेक मिनिटांत तुम्हाला हवी तेवढी माहिती मिळते.

तरीही एक गोष्ट पहिल्या भागातून बरोबर घेऊन आलात तर बरं. पीटरने अडवला असता तर थांबला असता असा एक चोर त्याने रागाच्या भरात जाऊ दिला, आणि बेन काकांच्या मृत्यूला तीच चूक कारण ठरली असं तो मनाशी धरून बसला आहे. हे त्याने कोणालाच सांगितलेलं नाही. दुसऱ्या भागाचं सगळं ओझं त्या न सांगितलेल्या गोष्टीचं आहे.

इतक्या वर्षांनंतरही लोक याच भागाचं नाव का काढतात?

याचं उत्तर लांब आहे, कारण हे पान त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

हा चित्रपट मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मेसचे पैसे द्यायचे की घरमालकाचे, असा हिशोब रोज रात्री चालायचा. सुपरहिरोचा चित्रपट म्हणून गेलो आणि पडद्यावर दिसला तो माझाच हिशोब. पहिल्याच प्रसंगात न्यूयॉर्कचा रक्षक पिझ्झा पोचवायला धावतोय. एकोणतीस मिनिटांत पोचवण्याचा दुकानाचा शब्द आहे, वाटेत दोन पोरं ट्रकखाली येता येता त्याने वाचवलीत, म्हणून उशीर झालाय. स्वागतकक्षातली बाई घड्याळ दाखवते, पैसे देत नाही. नोकरी जाते. पोरांना वाचवलं हे तो कोणाला सांगू शकत नाही.

आणि मग हे थांबतच नाही. वर्तमानपत्रात स्पायडर-मॅनचा फोटो विकून मिळालेला चेक आधी घेतलेल्या उचलीतच संपतो. कॉलेजात प्राध्यापक म्हणतात, हुशार आहेस पण आळशी आहेस. वाढदिवसाला घरी जातो, तर मे काकूंच्या घरावर बँकेची जप्तीची नोटीस. त्या परिस्थितीतही काकू त्याच्या हातात वीस डॉलर कोंबतात. तो नको म्हणतो, त्या चिडतात आणि रडायलाच लागतात. खोलीवर परत आल्यावर घरमालक भाडं मागतो आणि त्याच्याकडची वीसची नोट काढून घेतो. हा प्रसंग जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे. पण ज्याने कधी घरून आलेले पैसे त्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात दिले असतील, त्याला ती नोट विसरता येणार नाही.

मला वाटतं, या चित्रपटाचं मोठेपण इथे आहे. जबाबदारीची किंमत असते हे पुष्कळ सुपरहिरोपट सांगतात. ‘स्पायडर-मॅन २’ ती किंमत रुपया-पैशांत आणि तास-मिनिटांत मोजून दाखवतो. कोणाचा तरी जीव वाचतो आणि त्याचं बिल पीटरच्या नावावर येतं, दरवेळी. लॉन्ड्रीत पोशाखाचा रंग उतरून बाकीच्या कपड्यांना लागतो, तेसुद्धा त्याच बिलात.

समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी याला चारपैकी चार तारे दिले होते आणि १९७८ च्या ‘सुपरमॅन’नंतरचा सर्वांत चांगला सुपरहिरोपट म्हटलं होतं. त्या वेळी हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटलं असेल, आज वाटत नाही.

पीटरच्या शक्ती नेमक्या कशामुळे जातात? चित्रपट ते स्पष्ट सांगत नाही.

नेमकं सांगत नाही आणि तेच बरोबर आहे. रक्तात बिघाड नाही, शत्रूचं औषध नाही. हवेत असताना जाळं सुटत नाही, भिंतीवरून हात घसरतो, चष्म्याशिवाय पुन्हा अंधूक दिसायला लागतं. तो डॉक्टरकडे जातो आणि स्वतःचीच गोष्ट ‘मला असं स्वप्न पडतं’ म्हणून सांगतो. डॉक्टर तपासून म्हणतात, शरीर ठीक आहे. मग हळूच सुचवतात की कदाचित त्या माणसाने भिंतीवर चढू नये असंच असेल. निवड आपल्या हातात असते.

मन थकलं की शरीर काम करायचं थांबवतं, एवढंच हे आहे. सतत दुसऱ्यांसाठी धावणाऱ्या घरातल्या मोठ्या मुलीला किंवा आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. २००४ मध्ये या अवस्थेला आपल्याकडे फारसं कोणी नाव देत नव्हतं. चित्रपटही देत नाही.

एक बारकावा सुटू देऊ नका. मॅग्वायरच्या स्पायडर-मॅनचं जाळं थेट मनगटातून येतं. कॉमिकमध्ये ते पीटरने स्वतः बनवलेल्या यंत्रातून सुटतं. पहिल्या भागाच्या वेळी हा बदल अनेक जुन्या वाचकांना खटकला होता. दुसऱ्या भागात त्याचा उपयोग कळतो. यंत्र असतं तर ते नादुरुस्त झालं असतं, माणूस नाही.

सूट कचऱ्यात टाकून पीटर चालू लागतो, ते दृश्य कॉमिकमधलं आहे ना?

हो. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ५० वा अंक, १९६७, लेखक स्टॅन ली, चित्रकार जॉन रोमिटा (थोरले). गल्लीतला कचऱ्याचा डबा, त्यातून लोंबणारा लाल-निळा पोशाख आणि पाठमोरा चाललेला पीटर. रायमी यांनी ती चौकट जवळजवळ जशीच्या तशी उभी केली आहे.

डॉक्टर ऑक्टोपस त्याहून जुना, १९६३ च्या तिसऱ्या अंकातला, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा. पीटरच्या खोलीचे मालक ‘डिट्कोविच’ आहेत. हे आडनाव ऐकून कॉमिकवाल्यांना डिटको आठवल्याशिवाय राहत नाही.

पण कॉमिकमधून न आलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सूट टाकल्यानंतरचे दिवस रायमी आनंदाचे दाखवतात. ‘रेनड्रॉप्स कीप फॉलिन ऑन माय हेड’ हे जुनं गाणं वाजतं, पीटर वर्गात उत्तरं देतो, वेळेवर नाटकाला जातो, रस्त्यात अडखळून पडतो आणि हसतो. त्यानंतर एका गल्लीत कोणाला तरी मारहाण चाललेली दिसते आणि तो पाठ फिरवून निघून जातो. पुढे एका पेटलेल्या इमारतीत तो शक्तींशिवाय शिरतो आणि एका लहान मुलीला बाहेर काढतो. बाहेर धापा टाकत बसलेला असताना त्याच्या कानावर पडतं की चौथ्या मजल्यावर आणखी एक जण अडकला होता, तो गेला. त्या क्षणी मॅग्वायरचा चेहरा बघा. संवाद नाही, संगीत चढत नाही. शक्ती असत्या तर तो वाचला असता, हे वाक्य प्रेक्षक स्वतःच पूर्ण करतो.

पटकथा कोणाची आहे?

पटकथा आल्विन सार्जंट यांची. कथेचं श्रेय आल्फ्रेड गॉफ, माइल्स मिलर आणि मायकल शेबॉन यांना आहे. शेबॉन यांना कॉमिकच्या जगावरच लिहिलेल्या कादंबरीसाठी २००१ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला होता.

सार्जंट यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. त्यांचा जन्म १९२७ चा, म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. त्याआधी त्यांना पटकथेची दोन ऑस्कर मिळाली होती, ‘ज्युलिया’ आणि ‘ऑर्डिनरी पीपल’साठी. त्यातला ‘ऑर्डिनरी पीपल’ एका मुलाच्या मृत्यूनंतर मोडत चाललेल्या घराची गोष्ट आहे. आता मे काकूंच्या स्वयंपाकघरातला प्रसंग आठवा. बेन काकांच्या मृत्यूत आपला हात होता हे पीटर टेबलापाशी बसून सांगतो. त्याने काकूंचा हात धरलेला असतो. काकू ऐकतात, काही बोलत नाहीत, हात सोडवून घेतात आणि जिना चढून वर जातात. कॅमेरा खाली पीटरजवळ राहतो. हा प्रसंग कोळ्याच्या पोशाखाशिवाय कुठल्याही कौटुंबिक चित्रपटात शोभला असता. सार्जंट यांना घरातली शांतता लिहिता यायची आणि ती इथे उतरली आहे.

मे काकूंचं ‘प्रत्येकात एक नायक असतो’ हे भाषण जरा लांबलेलं नाही का?

लांब आहे, सरळ आहे आणि मला ते तसंच हवं. घर गेलंय, सामान गाडीत भरलं जातंय, अंगणात शेजारचा लहान मुलगा मदत करतोय. तो मुलगा स्पायडर-मॅन कुठे गेला असं विचारतो आणि त्यावरून काकू बोलायला लागतात. त्यांना पीटरचं गुपित माहीत आहे की नाही, हे चित्रपट उघड करत नाही. माझं मत: माहीत आहे. ज्या बाईने पोराला लहानपणापासून वाढवलं तिला त्याची चाल ओळखू येत नसेल का? त्या त्याला आज्ञा करत नाहीत. कधीकधी आपल्याला सर्वांत हवी असलेली गोष्ट, आपली स्वप्नंसुद्धा, सोडावी लागतात, एवढं सांगतात आणि ड्रॉवरपासून कपाटापर्यंतची कामं सांगायला लागतात. रोझमेरी हॅरिस रंगभूमीवरच्या मोठ्या अभिनेत्री. हे भाषण दुसऱ्या कोणाच्या तोंडी उपदेश वाटलं असतं.

डॉक्टर ऑक्टोपस खलनायक का वाटत नाही?

कारण पहिल्या भेटीत तो आदर्श माणूस आहे. पीटरला हवं ते सगळं ऑटो ऑक्टेव्हियसकडे (हे त्याचं खरं नाव) आहे: मोठं संशोधन, सुखाचा संसार, आणि दोन्हीला वेळ. जेवणाच्या टेबलावर तो आणि त्याची बायको रोझी एकमेकांकडे बघतात ते बघा. तिच्यासाठी आपण कविता समजून घेण्याचा प्रयत्न केला, असं तो सांगतो. पीटरला तिथे स्वतःचं पुढचं आयुष्य दिसतं. म्हणून ट्रिटियम वापरून ऊर्जा मिळवण्याचा त्याचा प्रयोग फसून रोझी मरते तेव्हा पीटरच्या स्वप्नाचाही चुराडा होतो.

अपघातात मानेवरची संरक्षक चिप जळते आणि प्रयोगासाठी पाठीला जोडलेले चार यांत्रिक हात त्याच्या मनावर ताबा मिळवतात. पण ते हात त्याला जे सांगतात ते त्याच्या आतच होतं: प्रयोग बरोबर होता, फक्त आणखी मोठा करायला हवा. पीटर स्वप्न सोडून देतो, ऑटो सोडत नाही. दोघांची लढाई याच मुद्द्यावर आहे. शेवटी नदीकाठच्या पडक्या गोदीत पीटर त्याला मुखवटा काढून समजावतो. ऑटो भानावर येतो, हातांना आपल्या ताब्यात घेतो आणि ती धगधगती यंत्रणा स्वतःसह पाण्यात बुडवतो. राक्षस म्हणून मरायचं नाही, हा त्याचा निर्णय असतो. पीटर इथे त्याला हरवत नाही, त्याला परत आणतो.

मोलिना याआधी ‘फ्रिडा’मध्ये चित्रकार दिएगो रिव्हेराच्या भूमिकेत दिसला होता. धिप्पाड देह आणि हळवे डोळे त्याने तिथूनच आणले असावेत असं मला नेहमी वाटतं.

ते चार हात खरे होते की सगळं कॉम्प्युटरवर केलेलं?

दोन्ही. जवळच्या दृश्यांत, विशेषतः मोलिना हातांशी बोलतो तिथे, खरे बनवलेले हात वापरले. एकेका हाताला चार बाहुलीकार, म्हणजे एका माणसाभोवती सोळा माणसं. आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी बघितला आहे त्यांना यातली मेहनत लगेच समजेल. मोलिनाने चारही हातांना नावं ठेवली होती: लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो. फ्लो हे नाव बाईचं, कारण तो हात एक महिला कलाकार चालवत होती. पडद्यावर एखादा हात त्याचा गॉगल काढतो, सिगार धरतो, मान वाकडी करून ऐकतो. तो जिवंतपणा त्या सोळा जणांचा आहे.

इमारतींवरच्या मारामाऱ्या सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने डिजिटल केल्या. त्यासाठी पॉल डेबेव्हेक यांच्या ‘लाइट स्टेज’ या यंत्रणेने मॅग्वायर आणि मोलिना यांचे चेहरे निरनिराळ्या दिशांच्या प्रकाशात टिपून घेतले, म्हणजे डिजिटल चेहऱ्यावर कुठल्याही दृश्यातला उजेड खरा पडावा. काही ठिकाणी आज ते रबरासारखं दिसतं, बँकेबाहेरच्या भिंतीवरच्या झटापटीत विशेषतः. पण वजन जाणवतं. हात भिंतीत रुततो तेव्हा वीट फुटते.

ऑपरेशन थिएटरचा प्रसंग इतका भीतिदायक का? मुलांना दाखवावा का?

कारण रायमी मुळात भयपटांचे दिग्दर्शक. ‘द इव्हिल डेड’ त्यांचाच, १९८१ चा. डॉक्टर यांत्रिक हात कापायला करवत उचलतात आणि हात जागे होतात. त्यानंतर दिसतात त्या किंचाळ्या, सावल्या, फरशीवर ओरखडे काढत ओढली जाणारी नखं. रक्त जवळजवळ नाही. तरी सात-आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने बघू देऊ नका, शेजारी बसा. माझ्या भाच्याने माझा हात दोन मिनिटं सोडला नव्हता, आणि चित्रपट संपल्यावर त्याला आठवत होती ती ट्रेन.

ट्रेनचं दृश्य कुठे चित्रित झालं? न्यूयॉर्कमध्ये अशी रेल्वे आहे का?

चित्रपटात ती न्यूयॉर्कची ट्रेन आहे, पण रूळ शिकागोचे. शहराच्या मधून उंच खांबांवर धावणारी शिकागोची ‘एल’ रेल्वे रायमींना हवी होती. मॅनहॅटनच्या त्या भागात तशी उन्नत रेल्वे नाही, हे न्यूयॉर्ककर आजही हौसेने सांगतात.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा दुसरंच काही बोलायचं असतं, म्हणून बोलतो. ऑक्टोपस ब्रेकचा दांडा मोडून टाकतो, रूळ पुढे संपतात. मुखवटा निघालेला स्पायडर-मॅन डब्याच्या पुढे उभा राहून दोन्ही हातांनी जाळी सोडतो आणि अंगाने गाडी अडवतो. सूट फाटतो, गाडी कड्याच्या टोकावर थांबते आणि तो बेशुद्ध होऊन पुढे कोसळतो. डब्यातून हात बाहेर येतात आणि त्याला पडण्याआधी धरतात. लोक त्याला डोक्यावरून, हातोहात, मागे नेतात. खाली ठेवतात. कोणीतरी म्हणतं, हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाच्या वयाचा.

गर्दीच्या लोकलमध्ये चक्कर येऊन पडलेल्या माणसाला डब्यातले अनोळखी हात कसे बसायला जागा करून देतात, कोणी पाण्याची बाटली पुढे करतं, हे मुंबईत रोज दिसतं. न्यूयॉर्कच्या त्या डब्यात मला तेच दिसलं. संपूर्ण चित्रपटभर पीटर एकटा देत आला. इथे पहिल्यांदा शहर त्याला काहीतरी परत देतं. दोन मुलं त्याचा मुखवटा आणून देतात आणि आम्ही कोणाला सांगणार नाही म्हणतात. ऑक्टोपस परत येतो तेव्हा साधी माणसं एकामागून एक उठून त्याच्या आणि पोराच्या मध्ये उभी राहतात. ती क्षणात बाजूला फेकली जातात. उभी राहिली, हे पुरेसं आहे.

मी हा चित्रपट किती वेळा बघितला याची मोजदाद नाही. ते हात खिडकीतून येतात तिथे दरवेळी गळा भरून येतो.

मॅग्वायरऐवजी जेक जिलेनहॉल येणार होता हे खरं का?

खरं. ‘सीबिस्किट’ या चित्रपटानंतर मॅग्वायरच्या पाठदुखीचा प्रश्न उभा राहिला आणि जिलेनहॉलचा विचार झाला होता. शेवटी मॅग्वायरच राहिला. चित्रपटात शक्ती परत आल्या असं समजून पीटर गच्चीवरून उडी मारतो, आदळतो आणि पाठ धरून लंगडत जातो. ते बघताना ही हकीकत आठवतेच. जिलेनहॉल पुढे २०१९ मध्ये हॉलंडच्या स्पायडर-मॅनसमोर मिस्टेरिओ हा खलनायक म्हणून आला.

मेरी जेनवर अन्याय झालाय का?

थोडा झालाय. तिची रंगभूमीवरची धडपड, तिचं एकटेपण यांना चित्रपट जागा देतो, पण शेवटी तिला पुन्हा ओलीस ठेवून बांधतो. तिन्ही भागांत हेच झालं आणि ते आळशी लिखाण आहे. डन्स्टने तरीही व्यक्तिरेखा जिवंत ठेवली. नाटकाच्या रंगमंचावरून तिला प्रेक्षकांत पीटर दिसतो आणि ती वाक्य विसरते, ते दृश्य पीटरच्या कुठल्याही उडीइतकंच चांगलं आहे. आणि दुसऱ्याशी ठरलेलं लग्न सोडून, लग्नाच्या पोशाखात पीटरच्या दारात येऊन ती जे सांगते त्यात मुद्दा हाच असतो, की धोका पत्करायचा की नाही हे तिच्या वतीने त्याने का ठरवावं.

पिझ्झाच्या दुकानाचा मालक भारतीय वाटतो. कोण आहे तो?

आसिफ मांडवी. जन्म मुंबईचा, बालपण इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं, पुढे अमेरिकेत ‘द डेली शो’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमामुळे घराघरांत पोचला. चित्रपटात तो मिस्टर अझीझ, पीटरला कामावरून काढणारा. दुकान खरं आहे, ग्रिनिच व्हिलेजमधलं ‘जोज पिझ्झा’.

मुंबईचा स्पायडर-मॅन आणि या चित्रपटाचा काही संबंध आहे का?

कथेचा नाही, काळाचा आहे. २००४ मध्ये, या चित्रपटाच्या सुमाराला, गॉथम एंटरटेनमेंटने ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही कॉमिक मालिका आणली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी तयार केलेला पवित्र प्रभाकर. खेड्यातून मुंबईत आलेला मुलगा, माया काकू आणि भीम काका, शक्ती देणारा योगी, धोतरासारखा पोशाख. मालिका छोटी होती आणि बरीच वर्षं विस्मरणात गेली. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये पवित्र ‘मुंबॅटन’ नावाच्या शहरात झोके घेताना दिसला तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या, मीही वाजवली.

‘२.१’ काय आहे? कुठली आवृत्ती बघावी?

२००७ मध्ये डीव्हीडीवर आलेली सुमारे आठ मिनिटं लांब आवृत्ती. मारामारी थोडी वाढवली आहे, लिफ्टमधला प्रसंग वेगळा आहे, आणि संपादक जेमसन स्पायडर-मॅनचा सूट घालून टेबलावर उड्या मारतो तो तुकडा आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याने मूळ आवृत्ती बघावी, तिची लय घट्ट आहे.

कमाई आणि पुरस्कार?

खर्च सुमारे २० कोटी डॉलर, जगभरची कमाई सुमारे ७९ कोटी डॉलर. दृश्य परिणामांसाठी ऑस्कर, आणि ध्वनीच्या दोन विभागांत नामांकनं.

हिंदीत बघावा की इंग्रजीत?

शक्यतो इंग्रजीत, मोलिनाच्या आवाजासाठी. घरात आजी-आजोबा बरोबर असतील तर हिंदी लावा, काकूंचा प्रसंग त्यांच्यापर्यंत पोचायला हवा. (तिसरा भाग २००७ मध्ये भोजपुरीतही आला होता.)

मग तिसरा भाग का नाही जमला?

तीन खलनायक, आणि कोणालाच ऑक्टेव्हियससारखा निवांत वेळ नाही. संगीतही बदललं, एल्फमन आणि रायमी यांचं फाटलं होतं, ते काम ख्रिस्तोफर यंगकडे गेलं. त्यातल्या सँडमॅन या खलनायकाचा जन्म मात्र आवर्जून बघा, वाळूचा कण कण गोळा होतो ते दृश्य अप्रतिम आहे. २०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये मॅग्वायर आणि मोलिना पुन्हा भेटतात. कसा आहेस असं ऑटो विचारतो आणि पीटर म्हणतो, प्रयत्न करतोय. ज्यांनी २००४ चा चित्रपट मनात जपला होता त्यांना त्या दोन वाक्यांत सगळं मिळालं.

शेवट आनंदी आहे की दुःखी?

मेरी जेन लग्न सोडून पीटरकडे येते. दोघं एकमेकांची होतात. तेवढ्यात बाहेर पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे वाजतात आणि तीच त्याला जा म्हणते. तो खिडकीतून उडी घेतो, इमारतींमधून झोके घेत जातो, हेलिकॉप्टर, सूर्यप्रकाश, संगीत टिपेला. कुठल्याही दुसऱ्या चित्रपटाने पडदा इथेच पाडला असता. रायमी कॅमेरा परत खोलीत आणतात. मेरी जेन खिडकीशी उभी आहे, लग्नाच्या पोशाखात. हसू हळूहळू मावळतं. तो गेला त्या दिशेला ती बघत राहते, आणि यापुढे रोज असंच बघत राहायचंय हे तिला कळलेलं असतं.